कंपनीत ध्यानाचा तास, आणि रात्री साडेदहाला शिफ्ट बदलल्याचा मेसेज

लाइन नं. ४ (धागाकर्ता)

आमची कंपनी नाशिकच्या सातपूरला. वाहनांचे सुटे भाग बनवतो, नाव सांगत नाही. दोन महिन्यांपासून दर गुरुवारी 'मानसिक आरोग्य तास' सुरू झालाय. कँटीनची टेबलं भिंतीला लावायची, चटया टाकायच्या, पाऊण तास डोळे मिटून बसायचं. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण हा तास ठेवलाय फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. सिन्नरकडची पोरं पहाटे पाचला घर सोडतात. साडेतीनला त्यांना थांबवून घेतलं की कंपनीची बस निघून जाते, मग कोणाच्या तरी गाडीवर द्वारका चौकापर्यंत. डोळे मिटलेले, पण लक्ष सगळं बसच्या हॉर्नकडे.

आणि त्याच आठवड्यात, सेकंड शिफ्ट चालू असताना रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज: 'खालील लोकांनी उद्या फर्स्टला यावे.' सेकंड सुटते बाराला, फर्स्ट सुरू सातला. घरी जाऊन जेवून झोपायचं कधी? युरोपात दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तास विश्रांती कायद्याने द्यावी लागते. आमच्याकडे सात, त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरून.

माझं म्हणणं सरळ आहे. आठवड्याचं शिफ्ट शेड्यूल आधी लावा आणि पाळा. लाइनवर आईबहिणीवरून बोलणाऱ्या सुपरवायझरला आवरा. लघवीला जायला बदली माणूस द्या. हे होत नसेल तर तो तास म्हणजे जखमेवर अत्तर.

हवेत बोलत नाहीये. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा अभ्यास आहे, ब्रिटनमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर. ध्यान, तणावमुक्तीची शिबिरं, ॲप वगैरेंमध्ये भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. अपवाद फक्त स्वयंसेवी कामाचा, तोही थोडासा.

अंबड उद्योजक

साफ असहमत. साहेब, तुम्ही ज्याला 'कंपनी' म्हणताय ती म्हणजे माझ्यासारखा माणूस. साठ कामगार, दोन शेड, बँकेचं कर्ज. मोठा ग्राहक महिन्याचं शेड्यूल देतो आणि रोज बदलतो. संध्याकाळी सहाला फोन येतो, सकाळी गाडी भरून पाहिजे. माल नाही पोचला आणि त्यांची लाइन थांबली तर मिनिटाच्या हिशोबानं डेबिट नोट (बिलातून कपात) माझ्या नावावर. रात्री साडेदहाचा मेसेज मी हौसेनं टाकत नाही.

पैशाचं बघा. लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत द्यावीत असं २००६ चा कायदा सांगतो. वेळेत दिली नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी वजावट नाही, असं आता आयकरातही आहे. तरी ९० दिवस वाट बघणारे माझ्याच गल्लीत किती आहेत विचारा. पगार मात्र ७ तारखेला द्यायचाच. माझ्या झोपेचं काय? मालकाला मन नसतं का?

आणि ध्यानाचा तास फुकट होत नाही. कोणीतरी पैसे घालून चांगलं काही करतंय तर त्याचीही टर. मग उद्या कोणी काही करायलाच नको.

खादाड नाशिककर

धागा शतक मारणार. मी मिसळ घेऊन बसलोय, पाव संपले तर उठवा.

लाइन नं. ४

@अंबड उद्योजक, मालकाला मन असतं हे मान्य. पण ग्राहकानं तुमच्यावर ढकललेलं तुम्ही आमच्यावर ढकलता, आणि आमच्या खाली ढकलायला कोणी उरत नाही. आमच्याकडे अर्धी लाइन कंत्राटी आहे. 'जमणार नाही' म्हणणारा पोरगा पुढच्या सोमवारी गेटच्या आत दिसत नाही.

गंगापूररोडची एचआर

मी एचआरमध्येच आहे, मारा दगड.

त्या अभ्यासाबद्दल एक. तो एकाच वेळी घेतलेल्या पाहणीवर बेतलेला आहे. म्हणजे आधीच खचलेली माणसंच अशा शिबिरांना जास्त जात असतील, तर ती इतरांपेक्षा बरी दिसणार कशी? अभ्यास दमदार आहे, पण त्यातून 'सगळं निरुपयोगी' इतकं मोठं वाक्य निघत नाही.

आता अनुभव. आमच्याकडे महिन्यातून दोनदा समुपदेशक येतात. पहिले काही महिने खोली रिकामी. मग खोली एचआरच्या केबिनशेजारून हलवून स्टोअरच्या मागे नेली आणि नोंदवही बंद केली. लोक यायला लागले. एक ऑपरेटर कर्जाच्या ॲपवाल्यांच्या धमक्यांनी दोन आठवडे झोपला नव्हता, प्रेसवर काम करत होता. प्रेसवर! बोटं जातात हो. त्याला शिफ्टचं वेळापत्रक सुधारून काय मिळालं असतं? त्याला ऐकणारं माणूस हवं होतं, आणि पुढे पोलिसांकडे जायला सोबत.

शेड्यूल माझ्या हातात नाही. ते प्रॉडक्शन ठरवतं, प्रॉडक्शनला डिस्पॅच हाकतं. माझ्या हातात ती खोली होती, ती मी केली. (बस चुकेल अशा वेळी तास ठेवणं मात्र शुद्ध बावळटपणा. तुमच्या एचआरला माझ्यातर्फे सांगा.)

रजनी_इंदिरानगर

तुम्ही सगळे कारखान्याचं बोलताय. मी पुण्याच्या कंपनीसाठी घरून कोडिंग करते. आमच्याकडे ॲप आहे, समुपदेशनाचा फोन आहे, 'वेलनेस डे' आहे. वापरतं कोण? मी एकदाच फोन केला. पहिला प्रश्न, 'तुमचा एम्प्लॉयी कोड सांगा.' ठेवून दिला.

रेटिंगचे महिने जवळ आले की प्रत्येकाला वाटतं, हे मॅनेजरला कळणार. वाटणं खरं की खोटं हा मुद्दाच नाही, फोन उचलला जात नाही एवढं खरं. २०२४ मध्ये पुण्यात लेखापरीक्षण क्षेत्रातल्या एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर देशभर कामाच्या ताणावर बोललं गेलं. आमच्याकडे त्या आठवड्यात मेल आला, 'तुमचं आरोग्य आमच्यासाठी सर्वोच्च'. आला रात्री ११:४० ला.

जुना कामगार

चाळीस वर्षं मशीनवर उभा होतो, त्यातली बरीच युनियनमध्ये. तेव्हा 'मानसिक आरोग्य' असं कोणी म्हणत नव्हतं, पण सुपरवायझर शिवी देऊन गेला तर दहा मिनिटांत प्रतिनिधी त्याच्यासमोर उभा असायचा. पोरांनो, निम्मी औषधं तिथेच होती. आता कंत्राटात युनियन नाही, म्हणून चटया आल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची मर्यादा दिवसाला ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच, पण तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. कंत्राटी पोराची संमती कशी घेतली जाते ते @लाइन नं. ४ नं वर सांगितलंच आहे.

अंबड उद्योजक

काका, आदर आहे, पण युनियनच्या त्याच काळात सातपूरमध्ये टाळी लागलेले गेट पण मी पाहिलेत. त्या कामगारांच्या मनाचं काय झालं ते कोण सांगणार?

वॉर्डातली सिस्टर

मी मनोविकार विभागात काम केलंय, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

कामाची रचना की व्यक्तीला मदत, असं भांडण मुळात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या रचनेतले बदल, मॅनेजरचं प्रशिक्षण आणि व्यक्तीला आधार, हे सगळंच आहे. गोची अशी की कंपन्या स्वस्तातलं शेवटचं तेवढं उचलतात. पाळ्यांचंच घ्या. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकली तर शरीर जुळवून घेतं, उलटी फिरवली तर जास्त त्रास होतो. सेकंडवरून दुसऱ्याच दिवशी फर्स्ट म्हणजे नेमकी उलटी. हे बदलायला पैसा लागत नाही, डोकं लागतं.

पण @लाइन नं. ४, लाइन सुधारली की सगळ्यांचं बरं होईल हेही खरं नाही. नैराश्य हा आजार आहे. चांगल्या नोकरीतही होतो आणि त्याला उपचार लागतात. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार होता, आणि त्यातले बहुतेक उपचाराविना होते.

आता जे इथे कोणी लिहिलं नाही ते. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो ना? पगार २१,००० पर्यंत असेल तर जातो. मग मानसिक आजारासाठी सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमधून सुरुवात करता येते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. दीर्घ आजारांच्या यादीत तीव्र मनोविकार आहेत, त्यात दोन वर्षं नोकरी झालेली असेल तर ८० टक्के, दोन वर्षांपर्यंतही. वॉर्डात मी असे लोक पाहिलेत जे बिनपगारी रजा टाकून आले होते, कारण त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

@रजनी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही आहे. कंपनीच्या फोनवर विश्वास नसेल तर सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत. कोड विचारणारं मॅनेजमेंट तिथे नाही. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट न बघता लावायचा.

लाइन नं. ४

ईएसआयचं मलाही माहीत नव्हतं. बारा वर्षं कापतायत. कार्ड फक्त ताप आणि डिलिव्हरीसाठी असं समजून चाललोय सगळे.

पण सिस्टर, 'गोची अशी की' म्हणून तुम्ही जे लिहिलंत तोच माझा धागा आहे.

अंबड उद्योजक

उलटी पाळी नको, हे पटलं. माझ्याकडे आठवड्यातून एकदोनदा होतं, उद्या सुपरवायझरशी बोलतो. ११ तासांचं मात्र लिहून देत नाही. ग्राहकानं चार दिवस आधी पक्कं शेड्यूल द्यायला सुरुवात केली की देईन. त्यांच्या पर्चेसवाल्यांना कोणी ध्यानाला बसवतंय का बघा.

गंगापूररोडची एचआर

@वॉर्डातली सिस्टर, ईएसआयचं एका पानात मराठीत लिहून द्याल का? व्यक्तिगत निरोप करते. कँटीनमध्ये आणि गेटवर लावते, कंत्राटी लोकांच्या बाजूच्या गेटवरसुद्धा.

जुना कामगार

गेटवर नको. सिक्युरिटी फाडतो. संडासाच्या दाराला आतून लावा.