प्रतिसाद: लेक मुळशीच्या यूडब्ल्यूसीत (युनायटेड वर्ल्ड कॉलेज, पुण्याजवळचं निवासी आंतरराष्ट्रीय कॉलेज) जातेय, विषय आत्ताच ठरवावेत का?

सहाही विषय घरी बसून पक्के करू नका. तिथल्या आयबी डिप्लोमात (अकरावी-बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) साधारणपणे तीन विषय हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात, आणि तीन स्टँडर्डला घ्यायचे असतात. वर्ग सुरू झाले की पहिल्या काही आठवड्यांत बदल करायला बहुतेक शाळांत वाव असतो, तोवर वेगवेगळ्या विषयांच्या तासांना बसून बघू दे. गणिताचं मात्र आधीच बोला. २०१९ पासून त्याचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर ॲनालिसिस अँड अप्रोचेस घ्यावं, तेही शक्यतो हायरला. दुसऱ्या अभ्यासक्रमातून नंतर यात उडी मारणं जड जातं.

मातृभाषेचा शिक्षक नसला तरी तिचं साहित्य स्वयंअध्ययनानं घेता येतं, फक्त स्टँडर्डला. मराठीबद्दल कॉलेजच्या आयबी को-ऑर्डिनेटरना आत्ताच मेल टाका.

दहावीला नव्वदच्या पुढे असणाऱ्यांना पहिल्या निबंधावर सातपैकी चार मिळाले की रडू कोसळतं. तिथे चार म्हणजे नापास नव्हे, हे तिच्या आजीलाही सांगून ठेवा!

आणि हो, ऑगस्टमधलं मुळशी म्हणजे दोन-दोन दिवस जीन्स वाळत नाही, चामड्याच्या बुटांना बुरशी धरते. पटकन वाळणारे कपडे आणि जादा रबरी चपला द्या.