टेक्सासमधला प्लॉट कर थकून लिलावात गेला, वरचे पैसे कोर्टात पडून आहेत. वारसांनी कसे मागायचे?

मुठाकाठ (प्रश्न)

वडिलांनी टेक्सासमध्ये नोकरीला असताना, १९९८ साली, एक मोकळा प्लॉट घेतला होता. २०२१ मध्ये ते पुण्यात वारले. मृत्युपत्र नाही. प्रॉपर्टी टॅक्स थकला, दावा झाला आणि सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या मंगळवारी प्लॉट विकला गेला. कर, दंड, खर्च वजा जाऊन साधारण ४१,००० डॉलर उरलेत, हे एका रिकव्हरी कंपनीच्या फोनवरून कळलं. ते ३५ टक्के मागतात आणि 'असाइनमेंट'वर (म्हणजे हक्क त्यांच्या नावे लिहून देण्याच्या कागदावर) सही करून पाठवा म्हणतात.

कंपनीशिवाय पैसे मिळतात का? मुदत किती? आई, मी आणि भाऊ असे तीन वारस आहोत, तर तीन सारखे वाटे धरायचे का? पुण्याच्या कोर्टाचा वारस दाखला चालेल का?

---

ह्यूस्टनकर

सही करू नका. फोनवर तर काहीच कबूल करू नका.

टेक्सास टॅक्स कोडच्या कलम ३४.०४ मध्ये हे सगळं स्पष्ट आहे. मालकाला हे पैसे मिळवून द्यायला वकील घेऊ शकतो ती फी जास्तीत जास्त २५ टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी ती. म्हणजे तुमच्या रकमेवर १,००० डॉलर. जो वकील नाही त्याला या कामाची फी घेताच येत नाही. म्हणून या कंपन्या फी न म्हणता हक्कच स्वतःच्या नावावर लिहून घेतात. त्यालाही अटी आहेत: पैसे कोर्टात जमा झाल्यापासून ३६ व्या दिवसाआधी असाइनमेंट घेता येत नाही, समक्ष भेटून किंवा फोन करून गळ घालून घेतलेली चालत नाही, आणि सही होते त्याच दिवशी रकमेच्या निदान ८० टक्के तुमच्या हातात पडावे लागतात. ३५ टक्के कापणारा फोन इथेच बाद झाला.

मुदत: विक्रीच्या तारखेपासून दोन वर्षं पुरी व्हायच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. विक्री ३ सप्टेंबर २०२४ ची, म्हणजे २ सप्टेंबर २०२६ पर्यंत. नंतर कोर्टाचा क्लर्क ती रक्कम कर वसूल करणाऱ्या संस्थांमध्ये (काउंटी, शाळा जिल्हा वगैरे) वाटून टाकतो. पैसे कितीही दिवस पडून राहिले तरी व्याज मिळत नाही, त्यामुळे थांबण्यात काहीच फायदा नाही.

उरलेली रक्कम २५ डॉलरपेक्षा जास्त असेल तर क्लर्कने ३१ व्या दिवसाआधी मूळ मालकाला सर्टिफाइड मेलने कळवायचं असतं. पण ते पत्र जातं शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर. तुमचं बहुधा टेक्सासच्या जुन्या घरी गेलं असणार.

---

दाव्याचा_नंबर

आधी मूळ कर-दाव्याचा 'कॉज नंबर' (दाव्याचा क्रमांक) शोधा. काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्कच्या (कोर्टाच्या क्लर्कच्या) साइटवर वडिलांच्या नावाने शोधायचं. सापडला नाही तर अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी मिळकतींची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवरून प्लॉटचा अकाउंट नंबर काढून क्लर्कला ईमेल करायचा. नवीन दावा लावावा लागत नाही, त्याच नंबराखाली अर्ज करता येतो. अर्जाची प्रत मूळ दाव्यातल्या सगळ्या पक्षांना सुनावणीच्या किमान २० दिवस आधी मिळायला हवी. बरेच अर्ज इथेच अडकतात: एखादा पक्षकार राहून जातो आणि सुनावणी पुढे जाते.

दाव्यात प्रतिवादी म्हणून कोणाची नावं आहेत तेही पाहा. वडील २०२१ मध्ये गेले आणि दावा नंतरचा असेल, तर बहुधा 'अज्ञात वारस' असं लिहून वर्तमानपत्रातून समन्स काढलेलं असेल. अशा वेळी कोर्ट अनुपस्थितांसाठी एक वकील नेमतं (अ‍ॅटर्नी अ‍ॅड लायटेम). त्याची फी खर्चात धरलेली असते, आणि त्याच्या अहवालात कुटुंबाची माहिती काय लिहिली आहे ते वाचून ठेवा. तिथे चुकीचा वारस लिहिला गेला असेल तर आधी ते खोडून काढावं लागेल.

---

ह्यूस्टनकर

वाट्यांबद्दल. तीन सारखे वाटे हा हिंदू वारसा कायद्याचा हिशेब. टेक्सासमधल्या जमिनीला टेक्सासचाच वारसा कायदा लागतो, मालक कुठेही वारलेला असो. लग्नानंतर, टेक्सासमध्ये राहत असताना घेतलेली मिळकत 'कम्युनिटी प्रॉपर्टी' (नवरा-बायकोची सामाईक) धरली जाते. अर्धी आईची आधीपासूनच. वडिलांचा अर्धा हिस्साही, सगळी मुलं या दोघांचीच असतील तर, आईकडेच जातो (एस्टेट्स कोड, कलम २०१.००३). म्हणजे आईवडिलांचं लग्न १९९८ च्या आधीचं असेल तर अर्जदार एकट्या आई. तुम्ही आणि भाऊ फक्त 'हरकत नाही' लिहून द्या. न्यायाधीशाचा वाट्यांबद्दलचा प्रश्न तिथेच मिटतो.

१८२७ च्या रेग्युलेशनखाली पुण्यात मिळणारा वारस दाखला सोबत जोडा, पण टेक्सासच्या कोर्टावर तो बंधनकारक नाही. तिथे लागतं ते 'अ‍ॅफिडेव्हिट ऑफ एअरशिप' (वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र): लग्नं किती, मुलं किती, दत्तक कोणी, वारलेलं मूल कोणी, कर्जं कोणती. ते सांगणारे दोन साक्षीदार कुटुंबाला जवळून ओळखणारे हवेत, पण वाट्यात ज्यांचा काडीचाही संबंध नाही असे. मामा-मावशी चालवून घेतात. पण वडिलांचे जुने सहकारी किंवा शेजारी असतील तर उत्तम. काही न्यायाधीश एवढ्यावर समाधानी होत नाहीत आणि वारस ठरवण्याची वेगळी कार्यवाही करायला लावतात. तिचा खर्च १,००० डॉलरच्या मर्यादेत बसतो का, हे वकिलाला आधीच विचारा.

---

बीकेसी_फेऱ्या

कागद तयार करताना नावाकडे लक्ष द्या. मराठी माणसाचा घोळ नेहमी इथेच होतो. खरेदीखतावर आद्याक्षर आणि आडनाव, पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घातलेलं, लग्नाआधीच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. कोर्टाला ती तीन वेगळी माणसं दिसतात. आईसाठी 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्यात प्रत्येक स्पेलिंग कागदावर आहे तस्संच, अक्षरनअक्षर, लिहा. मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

सह्या पुण्याच्या नोटरीपुढे केल्या तर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) लागतं. दुसरा मार्ग: मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची अपॉइंटमेंट, दर शिक्क्याला ५० डॉलर. तिथे सही त्यांच्यासमोरच करायची, घरून करून नेलेली चालत नाही.

पैसे बहुतेक वेळा चेकनेच येतात, आणि आपल्याकडच्या अनेक बँका आता परदेशी चेक वसुलीला घेत नाहीत. आईचं अमेरिकेतलं खातं चालू असेल तर ते बंद करू नका. नसेल तर वकिलाच्या ट्रस्ट खात्यात (अशिलांचे पैसे ठेवायच्या खात्यात) चेक आणि तिथून वायर, हे करारात आधीच लिहून घ्या. चेक देण्याआधी क्लर्क कर-फॉर्म मागतो. आई अमेरिकेच्या कर-नियमांनी अनिवासी असतील तर डब्ल्यू-८बेन, डब्ल्यू-९ नव्हे.

---

मुठाकाठ

खूप आभार. लग्न १९८९ चं आहे, त्यामुळे आई एकटीच अर्जदार. एकच शंका: ४१,००० पूर्ण मिळतील का?

---

दाव्याचा_नंबर

कदाचित नाही. मालकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याआधी न भरलेले कर असतील तर ते, आणि मग बोजे त्यांच्या क्रमाने: बँकेचं कर्ज, सोसायटीची (एचओए) वर्गणी, वडिलांविरुद्ध कुठला कोर्टाचा हुकूमनामा. विशेषतः निकाल आणि लिलाव यांच्या मधल्या महिन्यांचा कर पाहा. तो निकालाच्या रकमेत नसतो आणि काउंटी त्यासाठी अर्ज करते. काउंटी क्लर्ककडून (डिस्ट्रिक्ट क्लर्क वेगळा) वडिलांच्या नावावरच्या बोजांची यादी काढून घ्या, मग आकडा समजेल.

आदेश झाल्यावरही लगेच चेक निघत नाही. तो आदेश अपीलपात्र असतो, म्हणून बरेच क्लर्क ३० दिवस थांबतात. आणि आई भारतात निवासी असतील तर सीएला आत्ताच सांगा: अमेरिकेत १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न), इथे रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेची माहिती).