गोळी चालू असताना निरोध कशाला? नवऱ्याला काय सांगू?

यार्डातली_हळद

लग्नाला चौदा महिने झाले. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हळदीचे हिशेब लिहिते. नवरा ट्रकवर. द्राक्षं चालू असली की तासगावातून माल भरून दिल्ली नाहीतर कोलकाता, आठ-दहा दिवस तोंड दिसत नाही.

मूल आणखी दोन वर्षं नको, हे दोघांचं ठरलंय. आशाताईंकडून माला-एन घेते. रात्री भांडी पालथी घातली की गोळी, अशी सवय लावली होती. पण चैत्रात खरसुंडीच्या जत्रेला माहेरी गेले आणि पाकीट राहिलं इथे कपाटात, साड्यांच्या घडीखाली. (तिथेच लपवावं लागतं, सासूबाईंना नातू हवाय.) बारावी आणि तेरावी गोळी चुकली. परत आल्यावर चौदावीसकट तिन्ही एकदम घेतल्या, रात्रभर मळमळलं. दुसऱ्या दिवशी नवरा घरी. मी म्हटलं, आठवडाभर निरोध वापरू. तर म्हणतो, "गोळी घेतीस की. मग ह्ये कशाला? माझ्यावर संशय हाय काय तुझा?"

मी संशयाने म्हटलंच नव्हतं. पण त्याने तो शब्द काढल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. लग्नाआधी पाच वर्षं तो लाइनवर होता. तपासणी त्याची झालेली नाही, माझीही नाही. त्या रात्री काही न वापरताच झालं, खोटं कशाला बोलू. आता चुकलेल्या गोळ्यांचं काय? आणि दोन्ही वापरायचं म्हणणं हे माझं अती आहे का?

मिरजेची_सिस्टर

अती अजिबात नाही. आधी गोळ्यांचं सांगते. तिन्ही एकदम घ्यायची गरज नव्हती, मळमळ त्यानेच झाली. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली तेवढी आठवल्याबरोबर घ्यायची, त्याआधीची सोडून द्यायची, आजची ठरल्या वेळेला. मग रोज एक याप्रमाणे सलग ७ गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध. म्हणजे तू नवऱ्याला सांगितलंस ते बरोबरच होतं.

तुझ्या आधीच्या ११ गोळ्या नीट गेल्यात, त्यामुळे त्या एका रात्रीची धास्ती घेऊ नकोस. पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात असं झालं असतं तर ७२ तासांत तातडीची गोळी घे म्हटलं असतं. शेवटच्या पांढऱ्या सात गोळ्यांत चुकल्या, तर पांढऱ्या संपवून लोहाच्या रंगीत सात सोडायच्या आणि सरळ नवं पाकीट चालू करायचं. या वेळी पाळी आली नाही तर लघवीची तपासणी कर. आणि हो, गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गेली समज, दुसरी घे.

आता दोन्ही कशाला ते. गोळी अगदी न चुकता घेतली तर वर्षात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत. पण माणसं जत्रेला जातात, विसरतात. प्रत्यक्षात साधारण सात जणींना राहतात. निरोधचं तर १३. दोन्ही एकत्र असले की एक चुकलं तरी दुसरं सांभाळतं.

पण गोळी आजार अडवत नाही. एचआयव्ही, गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया), यातलं काहीच नाही. परम्याचं तर बाईला बऱ्याचदा कळतही नाही, आत गर्भनलिका खराब होत राहते आणि दोन वर्षांनी मूल हवं असतं तेव्हा अडतं.

आपल्या सांगलीत हे सगळ्यात आधी उघड बोलल्या त्या धंद्यातल्या बायका. १९९२ पासून संग्राम संस्थेबरोबर त्यांनीच एकमेकींना निरोध वाटले, पुढे १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. ज्यांना गावाने नावं ठेवली त्या गिऱ्हाइकाला "घातल्याशिवाय नाही" म्हणायला शिकल्या, आणि आपल्या घरच्या लेकी-सुनांना नवऱ्यासमोर तो शब्द काढायची चोरी!

पलूसची_वहिनी

माझंही ऐक. मला मानेत गाठीचा टीबी झाला, सहा महिने औषध. कुणी विचारलं नाही की घरी कुठली गोळी घेता. तिसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं, रिफॅम्पिसिन चालू असताना (लघवी तांबडी करतं तेच) माला-एनवर विसंबू नका, लिव्हर तिचा असर लवकर संपवतं. मग आम्ही निरोध धरला.

मिरजेची_सिस्टर

बरोबर. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच. साध्या सर्दी-खोकल्याच्या अँटिबायोटिकने मात्र काही होत नाही, उगाच घाबरू नका.

बाराचाकी

ताई, मी अठरा वर्षं गाडी चालवली. मंडळीने म्हटल्यावर मीपण हेच बोललो होतो, संशय घेतीस काय म्हणून. खरं सांगू? आवाज चढला तो भीतीने. लाइनवर काय काय होतं ते आम्हालाच ठाऊक.

त्याला "तू तपास" म्हणू नका, "आपण दोघं जाऊ" म्हणा. सिव्हिलमध्ये आयसीटीसी (एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणीचं केंद्र) आहे, फुकट होतं, नाव बाहेर जात नाही. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा. आम्ही गेलो त्या दिवशी रिपोर्ट हातात येईपर्यंत मी बाहेर तीन चहा प्यालो. तिथल्या बाईंनी सांगितलं, अलीकडे काही झालं असेल तर तीन महिन्यांनी परत करा. तोवर निरोध.

यार्डातली_हळद

काल रात्री हे सगळं त्याला वाचून दाखवलं. बाराचाकी काकांचं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प. सकाळी म्हणाला, सोमवारी गाडी नाही, जाऊ. मी यार्डात अर्ध्या दिवसाची रजा सांगितलीय. पाळीची वाट बघते.

त्याचा एक प्रश्न आहे सिस्टर: गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन वर्षांपासून निरोधचं एक पाकीट पडलंय, ते चालेल का? (ते तिथे का होतं हे मी विचारलं नाही. अजून.)

मिरजेची_सिस्टर

टाकून दे. उन्हाने रबर कुजतं. उपकेंद्रात नवीन फुकट मिळतात, पाकिटामागची मुदतीची तारीख बघून घ्यायची. आणि खोबरेल तेल लावायचं नाही, फाटतं.