गिधाड झालेला सम्राट: या चित्रात हिंमत कितपत?

प्रश्न
नववीच्या मुलांना १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध शिकवताना फ्रेंच व्यंगचित्रकार पॉल आदोलची ‘शाही प्राणिसंग्रह’ ही चित्रमालिका दाखवणार आहे. त्यात फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन गिधाड झालाय. धड पक्ष्याचं, डोकं मात्र त्याचंच, टोकदार मिशा आणि हनुवटीवरच्या दाढीसकट. पंजात रक्ताळलेली बाई, म्हणजे फ्रान्स. चित्र अंगावर येतं. पण २ सप्टेंबरला सेदानला फ्रेंच सैन्य शरण गेलं, सम्राट कैद झाला, ४ तारखेला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं आणि मग ही चित्रं आली. पडलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवण्यात कसलं शौर्य, असं मुलांनी विचारलं तर?

प्रतिसाद १
रास्त प्रश्न. त्याच मालिकेत सम्राटाची चुलत बहीण राजकन्या मातिल्द हिला डुकरीण केलंय. तिने कुठलं युद्ध पुकारलं होतं?

प्रतिसाद २
मातिल्दबद्दल सहमत, ते चित्र मलाही हीन वाटतं. पण गिधाडाला त्या रांगेत बसवू नका. सम्राटाची सत्ता असताना प्रत्येक चित्र छापण्याआधी सरकारी मंजुरी लागायची. १८६८ च्या कायद्याने वर्तमानपत्रांना थोडी मोकळीक मिळाली, चित्रांना तीही नाही. व्यंगचित्रकार आंद्रे जीलने १८६७ मध्ये ‘ला ल्यून’च्या मुखपृष्ठावर कादंबरीतला बदमाश रोकांबोल काढला: अर्धा छानछोकी, अर्धा कैदी. चेहरा सम्राटाचाच, हे लोकांनी लगेच ओळखलं. ते साप्ताहिक बंद पाडलं गेलं. म्हणजे १८७० पर्यंत चित्रकार गप्प होते ते भ्यायले म्हणून नव्हे, छापूच दिलं जात नव्हतं म्हणून.

आणि प्राणी कोणता निवडला ते मुलांना नीट दाखवाच. साम्राज्याचं चिन्ह गरुड. १८५२ मध्ये याच माणसाने पलटणींच्या निशाणांवर सोनेरी गरुड पुन्हा बसवले. आदोलने तोच पक्षी घेतला आणि त्याला मुडद्यावर जगणारा करून टाकला. हजारो सैनिक ज्या निशाणामागे मेले, त्याच्यावरच बोट ठेवलंय. मला हे शिवी देण्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

प्रश्नकर्ती
गरुडाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आभार! मग आधी निशाणावरचा गरुड दाखवते, नंतर जीलचं मुखपृष्ठ, मग गिधाड. मातिल्दचं चित्र वगळू का?

प्रतिसाद २
वगळू नका. दोन्ही शेजारी लावा आणि यातलं कुठलं सत्तेवर बोलतं, ते मुलांनाच विचारा.