मदत हवी आहे: आमवात आटोक्यात, रिपोर्ट चांगले, तरी अंगात त्राण नाही

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४१, राहणार डोंबिवली. चार वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे आमवाताचं निदान झालं, अँटी-सीसीपी ही त्याची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. आजार आटोक्यात ठेवायला मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि रोजची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. सांध्यांबद्दल आता तक्रार नाही. पूर्वी सकाळी दोन-दोन तास मुठी वळायच्या नाहीत, आता बरणीचं झाकणसुद्धा माझं मी उघडते. सीआरपी, ईएसआर या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या दोन्ही नॉर्मल. डॉक्टर खूश.

थकवा मात्र जागचा हललेला नाही.

थकवा म्हटलं की लोकांना दमणूक वाटते. दमणं मला माहीत आहे हो. फराळाचं करून पाठ धरायची, तासभर आडवी झाले की परत उभी. हे तसं नाही. रात्रभर झोपून उठते तेव्हाच गळून गेलेली असते. परवा कणीक मळली, पोळपाट मांडला, पहिली पोळी अर्धी लाटली आणि लाटणं तसंच हातात राहिलं. दुखत काही नव्हतं, हातच पुढे जाईना. तवा धुरायला लागला तेव्हा मुलाने येऊन गॅस बंद केला. तेव्हापासून ओट्याशी उंच स्टूल ठेवलंय. रविवारी केस धुतले की दुपारपर्यंत दुसरं काही होत नाही.

लोकलचं तर विचारूच नका. दिसायला धडधाकट, त्यामुळे कुणाला जरा बसू दे म्हणायची सोय नाही. ठाण्याला चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकायला जागा, मिळाली तर तो दिवस चांगला म्हणायचा.

माझं चुकतं तेही सांगते. बरा दिवस उगवला की अधाशासारखी कामं उरकते. गेल्या महिन्यात एका शनिवारी माळा आवरला, पडदे धुतले, वर इडलीचं भिजत घातलं. पुढचे तीन दिवस अंथरुणात, ऑफिसला दांडी.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहेत, जास्त विचार करू नका." पाच मिनिटांत बाहेर. सासूबाई वाईट नाहीत, पण "आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो" सुरू झालं की मी गप्प बसते.

तर विचारायचं असं: हे आजाराचंच आहे की आणखी काही तपासायला हवं? डॉक्टरांशी नेमकं काय बोलू? आणि नोकरी-घर सांभाळून दिवस कसा बेतता तुम्ही? कृपया गुळवेल सुचवू नका. मेथोट्रेक्झेटमुळे आधीच यकृताच्या तपासण्या चालू असतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, पण मला ती जोखीम नको.

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर नाही, ल्युपसची जुनी पेशंट आहे (तोही आमवातासारखा प्रतिकारशक्ती बिघडल्याचा आजार). सूज उतरली तरी थकवा मागे राहतो, हे आमच्यात बऱ्याच जणींचं आहे. मनाचे खेळ नाहीत. पण सगळं आजाराच्या माथी मारून मोकळं होऊ नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी १२, डी ३ एकदा बघून घ्या. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं आणि फेरिटिन तळाला. अंगात सूज असली की फेरिटिन उगाच चांगलं दिसतं, तेव्हा ते सीआरपीसोबतच वाचायचं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? कोरडी पोळी पाण्याशिवाय उतरत नाही असं? असेल तर तेही सांगा, आमवाताच्या जोडीला शोग्रेन, म्हणजे डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार, असू शकतो. घोरता का, हे घरच्यांना विचारा. हसू नका, रात्री श्वास अडकून झोप मोडत असेल तर तेही कारण असतं.

प्रतिसाद २

बायकोला हाच आजार आहे. आम्ही दोन आठवडे वहीत लिहिलं: किती वाजता काय केलं, आणि थकवा दहापैकी किती. "खूप थकते" म्हटल्यावर डॉक्टर ऐकून सोडून द्यायचे, वही दाखवल्यावर खुर्ची पुढे ओढून बसले. त्यात कळलं की गोळीचा दुसरा दिवस सगळ्यात वाईट. त्यांना विचारून गोळी शनिवारी रात्री घेतली. मनाने वार बदलू नका, मेथोट्रेक्झेट चुकून जास्त गेली तर जिवावर बेतू शकतं.

युलार ही युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना. तिच्या २०२३च्या थकव्यावरच्या शिफारशींतही झेपेल तेवढी नियमित हालचाल आणि समुपदेशन यांवर भर आहे. आम्ही गच्चीत आठ मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. बरं वाटलं तरी आठच. तुमचा तो माळ्याचा शनिवार इथेच नडतो.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. गोळी मी रविवारी रात्री घेते, म्हणजे माझा सोमवार वाईट का जातो ते आज कळलं! चार वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं. कोरड्या पोळीचं वाचून जरा चरकले. डब्यासोबत पाण्याच्या दोन बाटल्या लागतात मला, मी उकाड्यावर ढकलत होते.

वही आजपासून सुरू केली. पहिली नोंद: सकाळी ६, उठले, दहापैकी ७.

वहीत लिहिणं सोपं आहे, पण सासूबाईंना काय सांगू ते अजून कुणी सांगितलं नाही. घरात कुणी कसं समजावलं, ते लिहा ना.