क्लच पार तळाला उचलतोय, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी सल्ला हवाय (जुनी डिझेल जीप, सातारा)

नमस्कार मंडळी. आमची 1999 ची डिझेल जीप आहे, क्लच हायड्रोलिक, म्हणजे केबल नाही, पेडलच्या मागं ऑइल दाबणारा मास्टर सिलेंडर आणि खाली गिअरबॉक्सला स्लेव्ह, म्हणजे त्या दाबानं क्लच सोडवणारा दुसरा सिलेंडर. गेल्या पावसाळ्यापासून क्लचचा पॉइंट (पेडल सोडताना जिथं गाडी उचलते तो) खाली खाली जात आता फ्लोअरलाच टेकलाय. पेडल पूर्ण दाबून मॅटपासून जेमतेम बोटभर वर सोडलं की गाडी उचलते. सकाळी पहिला गिअर अडखळत पडतो आणि रिव्हर्स तर कर्रर्र केल्याशिवाय पडतच नाही.

घर साताऱ्यात आणि शेत चाळकेवाडीच्या बाजूला, त्यामुळं बोरणे घाट चुकत नाही. पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा बघायला सुट्टीच्या दिवशी एवढ्या गाड्या येतात की चढाला ऐन वळणावर थांबावं लागतं, मागचा अगदी चिकटून उभा असतो, आणि हाफ क्लचला जागाच उरली नसल्यामुळं पाय जरा उचलला की गाडी झटका मारते. हँडब्रेकवर उचलते मी, ते जमतं, पण बाबा अजून स्वतः शेतावर गाडी नेतात आणि त्यांचे गुडघे दुखतात, एवढं तळापर्यंत दाबून धरणं त्यांना होत नाही. खरी काळजी ती आहे.

एका मिस्त्रींनी पेडल दाबून बघितलं आणि सरळ सांगितलं, प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळा सेट टाका. मला हे पटत नाहीये. प्लेट झिजली की पॉइंट वर यायला पाहिजे ना? पेडल बरंच वर आल्यावर गाडी उचलते आणि पुढं चढाला स्लिप मारायला लागते, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. आमच्या गाडीत यातलं काहीच नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच सोडला की इंजिन लगेच बंद पडतं, म्हणजे प्लेट पकडतेय. प्रॉब्लेम पकडायचा नाही, पूर्ण सोडायचा आहे.

घरी भावाला पेडलवर बसवून जे जे बघता येईल ते बघितलं. पेडल पटापट पंप केलं की पॉइंट चांगला वर येतो, पण थोडा वेळ गेला की परत खाली. सपाट रस्त्याला पहिला गिअर टाकून पेडल तळाला दाबूनच धरलं तर सुरुवातीला गाडी गप उभी राहते आणि मग हळूहळू पुढं सरकायला लागते, पाय तसाच असताना. मास्टरला ऑइल पुरवणाऱ्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी होत नाही पण काळं पडलंय, चहाच्या गाळासारखं खाली काहीतरी बसलंय. खालचा रबरी पाइप मुठीत धरून भावाला पेडल दाबायला लावलं, पाइप फुगत नाही. स्लेव्हचं डस्ट कव्हर मागं सारून बोट फिरवलं तर आत कोरडं आहे.

यावरनं मला वाटतंय की मास्टर सिलेंडरच्या आतलं रबर गेलंय आणि प्रेशर आतल्या आतच मागं सरकतंय, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही. बरोबर आहे का हे? की ऑइलमध्ये नुसती एअर असली तरी दाबून धरल्यावर गाडी अशी सरकते? माझ्या समजुतीप्रमाणं एअर असेल तर पेडल स्पंजसारखं लागेल आणि पॉइंट खाली राहील, पण दाबून ठेवल्यावर प्रेशर आणखी सुटत जाणार नाही.

दुसरे एक मिस्त्री म्हणाले, पेडलच्या मागचा पुशरॉड नट फिरवून लांब करतो, लगेच पॉइंट वर येईल. ते मी करू दिलं नाही. रॉडला थोडी मोकळी हालचाल राहिली नाही तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागं येणार नाही, डबीकडं जाणारं भोक बंद राहील, ऑइल गरम होऊन फुगलं की क्लच अर्धवट दाबलेलाच राहील आणि मग चांगली असलेली प्लेट घाटात जळेल. ज्यांनी असं करून गाडी चालवलीय त्यांनी अनुभव सांगा, कारण सगळेजण हाच उपाय पहिला सुचवतात.

अपडेट: खाली दोघातिघांनी पेडलची पिन बघायला सांगितली म्हणून डॅशबोर्डच्या खाली आडवं होऊन टॉर्च मारून बघितलं. पेडल आणि पुशरॉड जोडणारी पिन एका बाजूनं चांगलीच खाल्लीय आणि रॉडच्या चिमट्याचं भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. हातानं पेडल दाबलं तर पहिला अर्धा-पाऊण इंच रॉड हलतच नाही! एवढा प्रवास फुकट जातोय म्हटल्यावर पॉइंट खाली जाणारच. पण या पिननं गाडी सरकण्याचं कोडं सुटत नाही, त्यामुळं मास्टरवरचा संशय कायम आहे.

आता पिन आणि चिमटा तर बदलतेच. पुढचं विचारायचंय ते असं. मास्टरची फक्त किट (आतल्या रबरांचा सेट) टाकावी का अख्खा सिलेंडर? बोअरला, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळीला, आतून गंज किंवा ओरखडा असेल तर नवं रबरही लवकर जातं असं ऐकलंय, मग एवढ्या जुन्या गाडीत किटवर खर्च करण्यात अर्थ आहे का? मास्टर नवा टाकला आणि स्लेव्ह जुनाच ठेवला तर वाढलेल्या प्रेशरनं स्लेव्हचं रबर जातं का? ऑइल तर सगळं काढून डॉट 3 किंवा डॉट 4 नवीन भरणार आहे, डबीवर जे लिहिलंय तेच.

एअर काढायचं पण सांगा. पेडल दाब, स्लेव्हवरचं हवा काढायचं निपल सैल कर, घट्ट कर, मग पेडल सोड, ही पद्धत माहीत आहे, पण कुणीतरी खालून निपलमधनं सिरिंजनं ऑइल वर ढकलायला सांगितलं, हवा आपोआप वर चढते म्हणून. हे कुणी जीपवर केलंय का?

आणि हे सगळं करूनही पॉइंट वर आला नाही तर फोर्क (स्लेव्ह ज्याला ढकलतो तो गिअरबॉक्समधला दांडा) वाकला असेल किंवा त्याचा पिव्हट (तो ज्यावर टेकून हलतो ते टोक) झिजला असेल, हे गिअरबॉक्स न उतरवता कळण्याची काही खूण आहे का? स्लेव्हचा रॉड किती मिलिमीटर बाहेर यायला पाहिजे हे कुणाला माहीत असेल तर तेही लिहा, मी पट्टी लावून मोजून इथंच टाकते.