नववीची मुलं घेऊन हिमालयात: केदारकंठा की हर की दून?

कऱ्हाडचा मास्तर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत नववीची २८ मुलं (त्यांत ११ मुली) घेऊन उत्तराखंडात जायचं घाटतंय. आम्ही चार शिक्षक. वासोटा, कळसूबाई झालंय, पण बर्फाचा डोंगर एकानेही पाहिलेला नाही, माझ्यासकट. मुख्याध्यापकांना केदारकंठा हवाय, कारण १२,५०० फुटांवर झेंड्यासह फोटो निघतो. मला हर की दूनची दरी बरी वाटतेय. कुणी शाळेची मुलं नेली आहेत का? जास्त काळजी कशाची करू, उंचीची की थंडीची?

भूगोलाच्या बाई, नाशिक
सर, नेली आहेत. २६ मुलं, ऑक्टोबरअखेर, हर की दून. पुन्हा न्यायची झाली तरी तिथेच नेईन.

दोन्ही ट्रेक सांक्री गावाहूनच सुरू होतात. डेहराडूनहून सांक्री सुमारे दोनशे किलोमीटर, पण मसुरी, पुरोला, मोरी करत अख्खा दिवस जातो. पहाटे निघा. वळणांवर आमच्या नऊ जणांनी ओकाऱ्या काढल्या. सांक्रीचा मुक्कामच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच आहे, हे मुलांना तिथे पोचल्यावर सांगा, चेहरे बघण्यासारखे होतात. पुढच्या गावाचं नाव ‘तालुका’. आमच्या एकाने घरी फोन करून सांगितलं, ‘आई, आम्ही तालुक्याला चाललोय’, आणि माउली गोंधळली.

केदारकंठ्याला माथ्यासाठी रात्री दोन-तीनला उठवून अंधारात चढवतात. ज्याला जमत नाही तो तंबूत मागे राहतो, आणि नववीतल्या पोराला ते फार लागतं. हर की दूनला वाट सुपिन नदीच्या कडेने, गावांतून जाते. आम्ही वाटेवरच्या ओसला गावात दोन रात्री राहिलो, पाच-पाच मुलं एकेका घरात. देवदाराची घरं, खाली गुरं, वर माणसं, आणि धान्याचं लाकडी कोठार घरापासून वेगळं. त्यांचा शब्दही कोठारच! शेतात गुलाबी-लाल कणसं डोलत होती. मुलं म्हणाली फुलं आहेत. तो राजगिरा होता. जेवायला मंडव्याची रोटी आली, एका मुलीने वास घेतला आणि म्हणाली, ‘बाई, ही तर नाचणी.’ माझा वर्षाचा धडा त्या चुलीपाशी झाला.

एक चूक सांगते. वाटेत कुणीतरी मुलांना सांगितलं होतं की ओसल्याचं देऊळ दुर्योधनाचं. आमच्या एका चिरंजीवांनी घरच्या आजींना थेट तेच विचारलं. आजी गप्पच झाल्या. मग घरातला मुलगा म्हणाला, देव सोमेश्वर आहे, बाहेरचे लोक काहीही सांगतात. आधीच समजावून ठेवा. देवळाच्या चौथऱ्यावर विचारल्याशिवाय चढायचं नाही, हेही.

तिसऱ्या दिवशी कलकत्तियाधारला तंबू, चौथ्या दिवशी हर की दून (साधारण ३,५६६ मीटर) बघून परत. आमचे तिघे तंबूवरूनच मागे फिरले. त्यातल्या एकाने डोकेदुखी रात्रभर लपवली होती, ‘सांगितलं तर सोडून जातील’ म्हणून. सकाळी नाश्ता नको म्हणाला तेव्हा कळलं. एक शिक्षक आणि एक गाइड त्याला घेऊन ओसल्याला उतरले, दुपारी पोरगा राजमा-भात ओरपत होता. म्हणून चार शिक्षक कमी पडतील, सहा न्या.

मुलींसाठी दोघी शिक्षिका हव्यात. वापरलेले पॅड परत आणायला जाड पिशव्या घ्या, ते अभयारण्य आहे. हे निघण्याआधी शाळेतच मोकळेपणी बोला, तिथे सगळ्या लाजतात.

डॉक्टर पालक, ठाणे
बाईंनी सांगितलेला मुलगा महत्त्वाचा. उंचीवर डोकं दुखतंय आणि भूक नाही, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ती उंचीचीच बाधा धरा. त्या दिवशी वर चढायचं नाही, वाढलं तर लगेच उतरायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका, गार बोटांवर तो चुकतो. डायमॉक्स (उंचीच्या बाधेवरची गोळी) सगळ्यांना सरसकट वाटू नका, ज्याला त्याला त्याच्या डॉक्टरांनीच सांगावं, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांचा प्रश्न येतो. दम्याच्या मुलाचा पंप सॅकमध्ये नको, खिशात हवा.

पायपीट
नवे बूट घेऊन थेट तिथे आणू नका. महिनाभर शाळेत घालून फिरू देत. जीन्स घरी. बाकी बाईंनी सांगितलंच.

कऱ्हाडचा मास्तर
बाई, डॉक्टर, आभार. दोन शिक्षक वाढवायचं मुख्याध्यापकांच्या गळी उतरवतो. झेंड्याचा फोटो हर की दूनलाही काढता येईल, मागे स्वर्गारोहिणी शिखर येतं म्हणे. आता एकच अडचण, पालकसभेत विचारतील की दिवाळीत पोरं घरी का नाहीत.

भूगोलाच्या बाई, नाशिक
सांगा की त्या रवांई-जौनसार भागातल्या बऱ्याच गावांत मोठी दिवाळी महिन्याने उशिरा असते, आपल्या कार्तिक अमावस्येच्या सुमारास. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तिकडेही दिवाळीची वाटच बघणं चाललेलं असेल. फराळ मात्र दुप्पट घ्या. आमच्या २६ जणांच्या चकल्या ओसल्यात पहिल्याच संध्याकाळी संपल्या, निम्म्या त्या आजींनी खाल्ल्या. दुर्योधनाचा राग तेवढ्यावर गेला.